पन्नास वर्षांचं रबर

सुरेश, रबर गेलं होतं.

तुझ्या घड्याळात पाणी शिरलं. काचेला आतून वाफ धरली, काटे दिसेनासे झाले आणि सेकंदकाटा मध्येच कुठेतरी अडकून बसला. किती वर्षं सांगत होते मी तुला, की मागच्या झाकणाखालचं ते रबर बदल, ते म्हातारं झालंय. तू ऐकलं नाहीस. आणि आता मी बरोबर ठरले, अख्ख्या भावकीसमोर बरोबर ठरले, तर कबूल करायला तू नाहीस. जन्मभर माझ्याशी वाद घातलास आणि निकाल लागायच्या वेळेला उठून गेलास. ही काय रीत झाली?

तुझ्या शाळेने शोकसभा घेतली. शहापूरचे तुझे सगळे जुने विद्यार्थी आले होते, मागे उभं राहायलाही जागा नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले, "सुरेश सर म्हणजे वक्तशीरपणा." तुझ्या मंगलने माझा हात दाबून धरला, नाहीतर मी उठून बोलले असते. वक्तशीर! मनगटावर रोज वेगळं घड्याळ, प्रत्येकाची चाल वेगळी, एक पुढे पळतंय तर दुसरं दुपारी झोपतंय. तू कुठल्याही लग्नात अक्षता पडल्यावर पोचायचास आणि वर मलाच विचारायचास, "ताई, यांनी लवकर कसं उरकलं गो?" इतिहास शिकवणाऱ्या माणसाला तारखा पाठ असतात, वेळेचं त्याला काही पडलेलं नसतं, असं आपले अण्णा म्हणायचे. अण्णांचं तरी तू कुठे मनावर घेतलंस!

आणि हौस कसली, तर पाणबुड्यांच्या घड्याळांची. ज्या माणसाला नदीत पाय धुवायला नको वाटायचं, त्याला.

आपल्या गावच्या डोहावर उंबराची फांदी वाकली होती, आठवतं? उंबरं काढायला चढलास आणि फांदीसकट खाली आलास. मी उडी मारली, हाताला तुझे केस लागले, ते धरूनच तुला काठावर ओढलं. शुद्धीत आल्यावर तुझं पहिलं वाक्य काय, तर "केस का ओढलेस?" आईला संध्याकाळी सांगितलंस तेसुद्धा एवढंच, की ताईने केस ओढले. वाचवलं हे सांगायला विसरलास. त्यानंतर काळू नदीचं पाणी तुझ्या घोट्याच्या वर कधी आलं नाही. पावसाळ्यात साकवावरून जाताना कॉलेजात गेलेला घोडा माझा दंड धरायचा, आणि पलीकडे पोचलं की लगेच सोडायचा, कोणी बघू नये म्हणून.

पहिलं घड्याळ तू कल्याणच्या जुन्या बाजारातून आणलंस ते घरी न नेता सरळ मुरबाडला माझ्या भांड्यांच्या दुकानात आलास. गिऱ्हाईक उभं होतं. कुकर आणि कढई यांच्या मधे ते ठेवलंस आणि म्हणालास, "ताई, बघ."

"काय बघू? बंद हाय."

"बंद नाय गो. जरा हलव. बघ, चाललं."

जाडजूड, काळ्या तबकडीचं धूड होतं. काचेभोवती एक कडं, ते बोटाने फिरायचं. पाण्यात उतरताना पाणबुड्या त्या कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवतो, म्हणजे खाली किती वेळ झाला आणि पाठीवरची हवा कधी संपेल ते त्याला कळतं, असं तू सांगितलंस. गिऱ्हाईक बाई कुकर विसरून तुझं ऐकत राहिली.

मी म्हटलं, "मग तू हे घालून काय करणार? आंघोळ?"

तू हसलास. आणि खरंच वापर काढलास त्याचा. भात लावला की कडं फिरवायचास. मुलांना पेपर वाटले की कडं फिरवायचास. प्राची लहान असताना तिने रुसून खोलीचं दार लावून घेतलं की कडं फिरवून बाहेर बसायचास आणि ओरडायचास, "हवा संपत आली गो, वर ये आता!" ती हसत दार उघडायची. हे मात्र मला आवडायचं. तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू आणखी चार घड्याळं आणली असतीस. तशीही आणलीसच.

बरं, आणायचीच तर नावाजलेली तरी आणावीत. ते नाही. ज्यांचं नाव तू घेतल्याशिवाय जगात कुणाच्या तोंडात येत नाही अशी आणायचीस. एकावर मासा, एकावर जहाजाचा नांगर, एकावर तारामासा, आणि एक ते ओर्विला, ज्याचं नाव तबकडीवर अर्धं पुसलेलं. मी भांड्यांच्या दुकानात आयुष्य काढलं, सुरेश. बाई दुकानात आली की पहिला प्रश्न विचारते, कुठल्या कंपनीचं? नाव नसलेला माल घेऊन कोण बसतं? तर तू माझ्याच स्टुलावर बसून मला शिकवायचास. त्या काळी तिकडे परदेशात अशा लहान लहान कंपन्या ढिगाने होत्या. डबा एका कारखान्याचा, काच दुसऱ्याची, आतलं मशीन तिसऱ्याचं. सगळ्या त्याच डब्यात आपापली तबकडी बसवायच्या आणि विकायच्या. ज्यांना मोठं नाव परवडत नव्हतं आणि रोज पाण्यात उतरावंच लागत होतं, ते लोक ही घालायचे. मग बॅटरीची घड्याळं आली आणि ह्या कंपन्या एकेक करून बंद पडल्या.

"म्हणजे शिक्का मारलेला ठोक माल," मी म्हटलं.

"मग? तुझ्या दुकानातल्या बिनशिक्क्याच्या परातीत आईने जन्मभर पीठ मळलं ना?"

मी तुला "जा, शेवटची गाडी जाईल," असं सांगून हाकललं. उत्तर मला पुढच्या आठवड्यात सुचलं. परात पाण्यात बुडाली तरी परातच राहते. तोवर तू दुसरंच घड्याळ घेऊन आला होतास आणि विषय बदलला होता.

तुझ्या पन्नाशीला मी आणि तुझ्या भावोजींनी मिळून तुला चांगलं नवं घड्याळ घेतलं. शोरूममधलं, सगळ्यांना ठाऊक असलेल्या कंपनीचं. म्हटलं, एकदा हातात चांगली वस्तू पडली की हा भंगाराचा नाद सुटेल. तू ते माझ्यासमोर घातलंस, मला वाकून नमस्कारही केलास. पुढे ते दिसलं कुठे? तर प्राचीच्या साखरपुड्यात, जावयाच्या हातात.

त्या साखरपुड्याबद्दल तर मला तुझ्याशी अजून पुरतं भांडायचं आहे. भिवंडीकडचे पाहुणे वेळेवर येऊन बसलेले. शहापूरच्या हॉलमध्ये चहाची दुसरी फेरी झाली. मुलीचा बाप गायब. मंगलचा चेहरा पांढरा पडलेला. फोन लावला तर तू वाशिंदला! तिथल्या नव्या इमारतीत मुलाकडे राहणारे कोणी म्हातारे गृहस्थ होते, तरुणपणी गोदीत पाण्याखाली उतरून जहाजांची कामं करणारे. त्यांनी जुनं घड्याळ विकायला काढल्याचं तुला कळलं आणि तू सकाळी "आत्ता आलो" म्हणून निघालास. आलास तो घामाने डबडबलेला, सदरा चुरगळलेला, आणि चेहऱ्यावर मात्र देवदर्शन झाल्यासारखं तेज.

मी तुला खांबामागे घेतलं. "घेतलंस का ते घड्याळ?"

"नाय गो. त्यांना विकायचं नव्हतंच."

"मग विकायचं म्हणून सांगितलं कशाला?"

"कोणीतरी बघायला यावं म्हणून. घरात कोण ऐकत नाय त्यांचं. मी नवा पट्टा घालून दिला आणि निघालो."

पाहुण्यांसमोर तुझा कान धरता आला नाही, ते अजून माझ्या हातात राहिलं आहे. घड्याळ घ्यायचं नाही, मुलीचा साखरपुडा खोळंबलेला, आणि हा माणूस परक्या म्हाताऱ्याच्या जहाजाच्या गोष्टी ऐकत बसलेला. आणि त्याच गडबडीत तू खिशातून मी दिलेलं घड्याळ काढून जावयाच्या हातात बांधलंस. माझ्या डोळ्यांदेखत.

संध्याकाळी मी विचारलं तेव्हा म्हणालास, "ताई, ते घड्याळ सगळ्यांना ओळखू येतं. त्याला माझी काय गरज हाय? ह्यांना मी नाय ओळखलं तर कोण ओळखणार?"

"आणि मला कोण ओळखणार? मी दिलं होतं ते!"

त्या पावसाळ्यात आपण बोललो नाही. मग गणपतीत तू आलास, नेहमीसारखा उशिरा, आणि बोलू लागलास जणू काही झालंच नव्हतं. मीही लागले. ते भांडण तिथेच पडून राहिलं. तुझं म्हणणं मला आजही पटत नाही, नोंद असू दे. पण त्या म्हाताऱ्यांच्या घरी तू का थांबलास ते मला हळूहळू कळलं. तुझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरांजवळ तू असाच थांबायचास. शोकसभेत रडत होती ती तीच पोरं, आता टकली पडलेली. पुढच्या बाकावरचे बरेचसे आलेच नव्हते.

पण रबर. आपण रबराबद्दल बोलत होतो.

तुझं सगळ्यात लाडकं ते ओर्विला. काळी तबकडी उन्हाने चहाच्या रंगाची झालेली. अंधारात चमकायला आकड्यांवर लावलेला लेप कधीच विझलेला आणि कढवलेल्या तुपासारखा पिवळा पडलेला. कड्याचा निळा रंग धुऊन धुऊन विटलेल्या शर्टासारखा. माझ्या दृष्टीने खराब झालेला माल. तुझ्या दृष्टीने "हे असं कोणाला मुद्दाम करता यायचं नाय गो, याला आयुष्यच लागतं." बरं, राहू दे रंग. पण झाकणाच्या आतलं रबर तरी?

"मूळचं आहे, ते मूळचं राहू दे," तू म्हणायचास.

"अरे, कुकरची रिंग मी लोकांना वर्षा-दोन वर्षांनी बदलायला लावते. हे पन्नास वर्षांचं रबर!"

"तुझा कुकर आणि माझं ओर्विला एक हाय का?"

"रबर ते रबर."

"ताई, मी पाण्यात जाणारच नाय, तर पाणी शिरणार कुठून?"

ह्याला म्हणतात शहाणपण. पाण्यासाठी केलेली वस्तू आणि मालक पाण्याला घाबरणारा, म्हणून सगळं सुरक्षित! मी कपाळाला हात लावायचे. तू चहा मागायचास.

गेल्या महिन्यात दुपारच्या सुट्टीत तू वर्गातून उतरलास, पायरीवर बसलास, आणि परत उठला नाहीस. मी मुरबाडहून दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. उशिरा पोचणारा आपल्या दोघांत तू, आणि त्या दिवशी उशिरा पोचले मी. नर्सने ओर्विला माझ्या तळहातावर ठेवलं. मंगलला ते बघवेना. पर्समध्ये टाकलं तर हरवेल म्हणून मी माझ्याच मनगटाला बांधलं. शेवटच्या भोकातही सैल होत होतं, बांगड्यांवर आपटून वाजायचं. तीन दिवस मी ते काढलं नाही. काढून कुठे ठेवायचं हेच सुचत नव्हतं.

अस्थी काळूत, आपल्याच डोहाजवळ सोडायच्या ठरल्या. भातकापणी चालू होती, समोर सिद्धगड अगदी स्वच्छ दिसत होता. तुझी एकुलती एक प्राची कलश घेऊन उभी राहिली, तर भावकीतले नानाकाका पुढे झाले.

"बायामानसांनी पान्यात उतराचं नाय. पोराला द्या कलश."

त्यांच्या चुलतभावाचा कोणी नातू त्यांनी तयारच ठेवला होता. प्राची म्हणाली, "काका, बाबांचं मीच करणार." आवाज अगदी तुझा. मला अभिमान वाटला, पण तो टिकला नाही. कारण ती दोन पावलं आत गेली आणि तिथेच थांबली, पुढचं पाऊल टाकेना. तुझी भीती तू पोरीला देऊन गेलास, सुरेश. द्यायला दुसरं काही सापडलं नाही?

मग मी उतरले. साडीचा काचा मारला आणि उतरले, ह्या वयात. तिच्या कमरेला हात घातला आणि तिला कमरेइतक्या पाण्यात नेलं. गुरुजी काठावरून मंत्र म्हणत होते. तिने कलश तिरपा केला. तू पाण्यात गेलास. शेवटी गेलास एकदाचा. आणि त्याच क्षणी शेवाळावरून माझा पाय सरकला, आम्ही दोघी गळ्यापर्यंत पाण्यात बसलो. प्राची किंचाळली. मी तिला सोडलं नाही, ह्या वेळी केसही नाही ओढले. दोघी उठलो, ठिबकत बाहेर आलो.

मंगल टॉवेल घेऊन धावली. प्राचीला गुंडाळलं, मग माझा हात पुसायला घेतला आणि थांबली.

"ताई, ह्याच्यात पाणी गेलं वाटतं."

मी बघितलं. काच आतून पांढरी झाली होती. खाली एक थेंब इकडून तिकडे घरंगळत होता.

मला काय झालं कोण जाणे. मी नदीकडे तोंड करून ओरडले, "सांगितलं होतं ना रे सुऱ्या! रबर बदल म्हणून सांगितलं होतं ना!"

गुरुजींचा मंत्र तुटला. भावकी माझ्याकडे बघत राहिली. नानाकाका कुणालातरी म्हणाले, "पोरीला धक्का बसलाय, सावलीत बसवा." पोरगी म्हणे! आणि मग मंगल हसली. आधी पदर तोंडात धरून, मग पदर सुटून. तुला नेलं त्या दिवसापासून जिने पाण्याचा घोट नीट गिळला नव्हता ती काठावर मटकन खाली बसली आणि हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. तोवर ती रडलीही नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. प्राची तिच्या मांडीत शिरली. मी ओल्या साडीत त्यांच्याशेजारी बसले. बराच वेळ कोणी आम्हाला उठवलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मंगलला घेऊन मी कल्याणला गेले, तुझ्या त्या नेहमीच्या घड्याळवाल्याकडे. त्याने मागचं झाकण उघडलं. रबर म्हणून काही नव्हतंच. काळा चुरा होता, चिमट्याला चिकटणारा. मी तो चुरा बघितला आणि "बघ!" म्हणून तुला दाखवायला मागे वळले. मागे मंगल उभी होती.

तो म्हणाला, मशीन धुऊन चालू होईल, पण तबकडीवर पाण्याचा डाग राहील. नव्याने रंगवून देऊ का, अगदी कोरी दिसेल. दुकानदार म्हणून मी होच म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "नको. त्याला चालायचं नाय ते." मग लगेच म्हटलं, "पण रबर नवं घाला. चांगलं जाड घाला." त्याने विचारलं, घड्याळ पाण्यात जाणार आहे का. मी म्हटलं, ते तुम्हाला काय करायचंय?

म्हणजे डाग तुझ्या मनासारखा राहिला आणि रबर माझ्या मनासारखं आलं. एवढ्या वर्षांत आपली पहिली तडजोड झाली, ती तू बोलत नव्हतास म्हणून.

आज दुपारी मंगल मुरबाडला आली. तुझी बाकीची घड्याळं माझ्याच दुकानातल्या एका स्टीलच्या डब्यात घालून घेऊन आली. गिऱ्हाईक नव्हतं. तिने डबा माझ्यासमोर ठेवला.

"ताई, जावई विचारत होते, ह्यांच्यात एवढं काय हाय म्हणून. मला काय सांगता आलं नाय. जन्म काढला मी त्यांच्यासोबत, पण ते घड्याळावर सुरू झाले का मी मान हलवायची नि भाजी निवडायची. तुमी सांगा."

"मी? मी तर नुसती भांडायचे त्याच्याशी."

"म्हणून तर. भांडायला ऐकायला लागतं ना."

मी डबा उघडला. हा मासा, कल्याणचा, पहिला. त्याची काच प्लास्टिकची आहे, टूथपेस्टने घासली की चरे जातात, तू माझीच टूथपेस्ट संपवली होतीस. हा नांगर, ह्याची चावी आत वळवून घट्ट करावी लागते, तू दरवेळी विसरायचास. हा तारामासा, ह्याचं कडं एकाच दिशेला फिरतं, म्हणजे चुकून धक्का लागला तरी पाणबुड्याला वाटतं हवा कमी आहे, जास्त कधीच वाटत नाही, तो लवकर वर येतो. मी बोलत होते आणि मंगल ऐकत होती, आणि मला माझाच राग येत होता, कारण सगळं पाठ होतं. तुझा शब्दन् शब्द. मी एवढी वर्षं तुला गप्प करत होते असं मला वाटायचं.

तळाशी कापसात गुंडाळलेलं एक निघालं. बाकीच्यांपेक्षा लहान, पांढऱ्या तबकडीचं, कड्याला लाल खूण. मी उलटसुलट करून बघितलं. कधीच पाहिलं नव्हतं.

"हे कुठलं?" मंगलने विचारलं.

सुरेश, हे कुठलं? कधी आणलंस? कुणाच्या घरी जाऊन बसला होतास? सगळी घड्याळं घरी न्यायच्या आधी माझ्या दुकानात आणायचास, मग हेच का नाही आणलंस? मी काय म्हणाले असते, फार तर लहान आहे, बायकी आहे, कडं सैल आहे, रबर तपासलंस का, एवढंच ना? मंगल माझ्या तोंडाकडे बघत बसली आहे आणि मला एक शब्द सांगता येत नाही.

ह्याच्यावरून आपण अजून भांडलेलो नाही रे.